एनक्लेक्स दुसऱ्यांदा देतेय, वॉर्डातला अनुभवच आडवा येतोय का?

रातपाळी (पुणे)

नमस्कार, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नंतर पोस्ट बेसिक (त्यावरची बीएस्सी) केलं. आठ वर्षं झाली कामाला, त्यातली साडेपाच कार्डिॲक आयसीयूत. मार्चमध्ये मुंबईच्या सेंटरला एनक्लेक्स-आरएन दिली (परदेशात आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स व्हायला लागते ती परीक्षा). दीडशेच्या दीडशे प्रश्न आले, शेवटचा सबमिट केला तेव्हा पाच तासातली अकरा मिनिटं उरली होती. आणि फेल.

घरी नवरा म्हणतो की तू रात्री एकटीने चार-चार व्हेंटिलेटर सांभाळतेस मग हे कसं नाही जमलं. तो टोमणा मारत नाही, त्याला खरंच कळत नाहीये. मलाही कळत नाहीये. माझ्यासोबत एक दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी होती, ती ८५ प्रश्नांत पास होऊन गेली, तिच्यासाठी आनंदच आहे पण रात्री झोप लागत नाही.

फेल झाल्यावर जो परफॉर्मन्स रिपोर्ट येतो त्यात मला जवळजवळ सगळीकडे "नियर" आहे म्हणजे पासिंगच्या आसपास, फक्त मॅनेजमेंट ऑफ केअर (कोणतं काम कोणाला द्यायचं, आधी कोणाकडे जायचं) आणि इन्फेक्शन कंट्रोल या दोन ठिकाणी "बिलो". फार्मा आणि फिजिऑलॉजिकलची मला भीती होती, ते बरं निघालं. जे रोज करते त्यातच मार खाल्ला.

४५ दिवसांची वाट बघून झाली, परत पैसे भरले (२०० डॉलर फी आणि भारतात देतोय म्हणून वर १५०), नवीन एटीटी (परीक्षेला बसायचं परवानगीपत्र) आलंय. आता कुठून सुरू करू? तीच क्वेश्चन बँक परत सोडवू का? ज्यांनी दुसऱ्यांदा देऊन काढली त्यांनी प्लीज लिहा.

---

कृष्णाकाठ (न्यू जर्सी, मूळ सांगली)

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. दीडशे प्रश्न आले म्हणजे तुम्ही वाईट दिली असं नाही. ही परीक्षा ॲडाप्टिव्ह आहे, उत्तर बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की थोडा सोपा, आणि कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री पटली की हा माणूस रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, की तो थांबतो. कमीत कमी ८५ ला, जास्तीत जास्त १५० ला. ८५ ला थांबून फेल झालेलेही आहेत. तुमच्या बाबतीत त्याला शेवटपर्यंत ठरवताच आलं नाही. म्हणजे तुम्ही रेषेला चिकटून होतात. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये, ते तसंच चालतं.

मी ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतूनच दिली, नवीन पॅटर्न त्या एप्रिलमध्येच सुरू झाला होता त्यामुळे मला विचारायला कोणी नव्हतं. आता नवऱ्याच्या एच-वन व्हिसावर इकडे आले, ईएडी (कामाचा परवाना) मिळाल्यावर मेड-सर्ज म्हणजे मेडिकल-सर्जिकल फ्लोअरला आहे. तर दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहिते, लांब होईल.

तुमचा प्रश्न बरोबर आहे, अनुभव आडवा येतो. पण अख्खा नाही, त्यातला एक भाग. आपण वॉर्डात काय शिकतो? आहे त्यात भागवायला. ३० पेशंटला दोन सिस्टर, मामा एक, मावशी एक, नातेवाईक पेशंटला भरवतात, कुशीवर वळवतात, सॅम्पल घेऊन लॅबला पळतात, औषध खालच्या मेडिकलमधून आणतात. आणि काहीही झालं की आधी डॉक्टरला फोन. ते चूक नाही, तसं नसतं केलं तर माणसं दगावली असती. पण परीक्षेतल्या हॉस्पिटलमध्ये माणसं पुरेशी आहेत, सामान आहे, निगेटिव्ह प्रेशरची खोली (जिची हवा बाहेर वॉर्डात येत नाही) रिकामी आहे, आणि नातेवाईक काहीच काम करत नाहीत. आणि तिथली सिस्टर आधी स्वतः बघते, स्वतः जे करता येतं ते करते, मग फोन करते. तुम्ही प्रश्न वाचताना तुमचा आयसीयू डोळ्यासमोर आणता आणि उत्तर तिथलं देता. मी पण तेच करत होते.

एक उदाहरण देते, तुमच्याच विषयातलं. चेस्ट ट्यूब (छातीतली हवा, पाणी काढायची नळी) ड्रेनेज सिस्टीमपासून सुटली, पेशंटच्या बाजूने शाबूत आहे. पहिलं काय कराल? उत्तर वाचायच्या आधी मनात ठरवा.

---

रातपाळी

क्लॅम्प.

---

कृष्णाकाठ

माझंही तेच होतं. उत्तर आहे ट्यूबचं सुटलेलं टोक निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत साधारण इंचभर बुडवायचं. म्हणजे वॉटर सील परत तयार झालं, हवा बाहेर जाते पण आत येत नाही. क्लॅम्प करून ठेवलं आणि आत हवा गळत असेल तर ती बाहेर पडायला जागा नाही, साचून फुप्फुस दाबते, म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स. कारण तुम्हाला माहीत आहे, आत्ता वाचताना तुम्ही मान हलवली असेल. पण हात आधी क्लॅम्पकडे गेला कारण आपल्याकडे बेडजवळ क्लॅम्प असतो आणि बाटली शोधावी लागते. आणि ट्यूब पेशंटच्याच अंगातून निघाली तर वेगळं, तिथे निर्जंतुक ड्रेसिंग, तीन बाजूंनी चिकटवायचं.

म्हणून माझं म्हणणं, तीच क्वेश्चन बँक परत पहिल्यापासून सोडवू नका. चुकलेल्या प्रश्नांची वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे एकच गोष्ट लिहा: मला माहीत नव्हतं, की माहीत होतं पण वॉर्डाची सवय आली, की प्रश्न नीट वाचला नाही. दोन आठवड्यांत कळेल तुमच्या चुका कुठल्या जातीच्या आहेत. माझ्या निम्म्याहून जास्त मधल्या खान्यात निघाल्या होत्या. युवर्ल्डची क्वेश्चन बँक की आर्चरची या वादात मी पडणार नाही, दोन्हीतून पास झालेले आहेत. फरक पडतो तो चुकल्यावर तुम्ही किती वेळ त्या प्रश्नापाशी थांबता याने.

---

ब्रदर_लातूर

ताई माझंबी असंच झालतं. पहिल्या खेपेला गेलं, दुसऱ्यांदा निघाली, आता ऑस्ट्रेलियाच्या ओएससीईची, म्हंजी प्रत्यक्ष करून दाखवायच्या परीक्षेची, तयारी चालूये. मी सरकारी दवाखान्यात मेल मेडिकलला कंत्राटीवर होतो.

इन्फेक्शन कंट्रोलचं मी सांगतो कारण त्यात माझंबी बिलो होतं. आपल्या वॉर्डात टीबीचा पेशंट कुठं असतो? सगळ्यांच्यात असतो, खिडकीजवळचा बेड दिला म्हंजी लै केलं. त्यामुळं आपल्याला डोक्यात एअरबोर्न (हवेतून पसरणारं) आन ड्रॉपलेट (थुंकीच्या थेंबातून) यातला फरकच बसत नाही, सगळ्याला मास्क एवढंच माहीत. मी भिंतीवर कागद चिटकवला होता, असा:

एअरबोर्न म्हंजी टीबी, गोवर, कांजिण्या. एन-९५ आन निगेटिव्ह प्रेशरची खोली, दार बंद. कांजिण्याला वरून कॉन्टॅक्टबी (स्पर्शाची काळजी) लागतं कारण फोडातलं पाणी. पेशंटला बाहेर न्यायचं झालं तर त्याला साधा सर्जिकल मास्क घालायचा, एन-९५ आपल्याला.

ड्रॉपलेट म्हंजी फ्लू, डांग्या खोकला, मेनिंगोकॉकलचा मेनिंजायटिस. साधा सर्जिकल मास्क पुरतो, खास खोलीची हवा लागत नाही.

कॉन्टॅक्ट म्हंजी एमआरएसए (औषधाला दाद न देणारा जंतू), सी डिफ (जुलाबाचा जंतू). गाऊन, ग्लोव्ह. सी डिफला सॅनिटायझर चालत नाही, त्याचे स्पोअर अल्कोहोलनं मरत नाहीत, साबण आन पाणीच. हे मला दोनदा आलं होतं सरावात आन दोनदा चुकलो, कारण आमच्याकडं बेसिनला नेहमी पाणी असतंच असं नाही म्हणून सॅनिटायझरचीच सवय.

पीपीई काढायचा क्रमबी पाठ पाहिजे. ग्लोव्ह आधी, मग गॉगल, मग गाऊन, मास्क सगळ्यात शेवटी, आन एन-९५ असंल तर खोलीच्या बाहेर येऊन, दार लावून. लै लोक गाऊन आन मास्क यात गडबडतात.

दुसरं, औषधांची नावं. परीक्षेत जेनेरिकच असतात पण अमेरिकेची जेनेरिक. पॅरासिटामॉल लिहीतच नाहीत, ॲसिटामिनोफेन. सालब्युटामॉल म्हंजी अल्ब्युटेरॉल. ॲड्रेनॅलिन म्हंजी एपिनेफ्रिन, नॉरॲड म्हंजी नॉरएपिनेफ्रिन. पेथिडीन म्हंजी मेपेरिडीन. ग्लिबेनक्लामाइड म्हंजी ग्लायब्युराइड. मला परीक्षेत मेपेरिडीन बघून घाम फुटला होता, आन औषध ओळखीचंच होतं.

---

सोनचाफा (फायनल इयर, नाशिक)

खूप छान माहिती. मी बीएस्सी फायनलला आहे, मला आत्तापासून सुरू करता येईल का? आणि आमच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत सगळं लाँग आन्सर शॉर्ट आन्सर असतं, एमसीक्यूची सवयच नाही. वजन पाउंडमध्ये येतं म्हणे ते खरं का?

---

कृष्णाकाठ

सोनचाफा, वजन पाउंडमध्ये येऊ शकतं, आणि घाबरायचं काही नाही. २.२ ने भागायचं. मूल ४४ पाउंडचं, म्हणजे २० किलो. ॲसिटामिनोफेन किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३००. सिरप ५ मिलीत १६० मिलिग्रॅम. ३०० भागिले १६० गुणिले ५, ९.३७५. एका दशांशापर्यंत लिहा म्हटलं तर ९.४. राउंड फक्त शेवटी करायचं, मधे केलं की उत्तर सरकतं. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. ताप फॅरनहाइटमध्ये आपणही मोजतो, ते सोपंच.

आत्तापासून अभ्यास करायची गरज नाही, आधी पास होऊन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करा आणि वर्षभर तरी बेडसाइड करा. पण एक काम आजच करा: कॉलेजमधून तुमच्या सिलॅबसची, थिअरी आणि क्लिनिकलच्या तासांची विषयवार प्रत घेऊन ठेवा. पाच वर्षांनी ऑफिसमधले क्लार्क बदललेले असतात, कपाट हललेलं असतं, आणि ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडूनच थेट सीजीएफएनएसला (कागदपत्रं तपासणारी अमेरिकन संस्था, आता त्यांचं नाव ट्रूमेरिट झालंय) जावं लागतं, आपण पाठवलेलं चालत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ अभ्यासात नाही गेला, यात गेला. सात महिने. मानसोपचाराच्या पोस्टिंगचे तास लिहायला कॉलेजने विसरून पाठवलं आणि सगळं परत.

---

अबोली (म्हापसा)

कागदपत्रांचा विषय निघाला म्हणून लिहिते, माझी पहिली एटीटी नावामुळे वाया गेली, दुसऱ्या कोणाची जाऊ नये.

आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव. पासपोर्ट लग्नानंतर काढला तर नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव. म्हणजे एकाच बाईची तीन नावं. मी रजिस्ट्रेशन करताना सर्टिफिकेट समोर ठेवून नाव भरलं, का तर वाटलं की शिक्षणाची परीक्षा आहे म्हणजे शिक्षणातलं नाव. सेंटरवर ओळखपत्र म्हणून फक्त पासपोर्ट चालतो आणि एटीटीवरचं नाव त्याच्याशी जुळायलाच हवं. माझं आडनाव वेगळं. आत सोडलं नाही. फी गेली. रात्रीच्या बसने म्हापशाहून मुंबईला गेले होते, त्याच दिवशी परत आले, बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तिथल्या बाई नियमाप्रमाणेच वागल्या, त्यांचा राग नाही. पण नियम आधी सांगणारं कोणी नव्हतं. तर मुलींनो, फॉर्म भरताना पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि त्यातलं पहिलं नाव आणि आडनाव अक्षर न अक्षर तसंच. बाकीच्या कागदांवर दुसरं नाव असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, राजपत्रातली नावबदलाची नोंद हे आधी जमवून मूल्यमापनाच्या वेळीच जोडा. लग्न ठरत असेल आणि परीक्षा पण ठरत असेल तर पासपोर्टचं नाव बदलायची घाई करू नका, एक काहीतरी आधी पूर्ण होऊ दे.

---

जुनी_सिस्टर (नागपूर)

सगळ्यांनी छान लिहिलं, पण मी जरा दुसरं बोलते, वाईट वाटून घेऊ नका.

रातपाळी ताई, तुम्ही हे करून कुठे जायचं ठरवलं आहे? कारण परीक्षा पास झाली म्हणजे अमेरिका झाली असं सांगणारे एजंट मी खूप बघितले. ईबी-३ मध्ये (नर्सना ज्यातून ग्रीन कार्ड मिळतं तो गट) भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, ते स्वतः उघडून बघा, एजंटने पाठवलेला स्क्रीनशॉट नको. माझ्यासोबतची एक जण २०२१ मध्ये पास झाली, तिचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. अजून ती नागपुरातच आहे. त्यात वर व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी शिक्षण आणि लायसन्स तपासल्याचं सर्टिफिकेट), इंग्रजीची परीक्षा, आणि इंग्रजीच्या स्कोअरची मुदत संपली की परत द्या. तिने दोनदा दिली. आणि एका एजंटने तिच्याकडून "प्रोसेसिंग" म्हणून जे पैसे घेतले ते विचारूच नका, कसलं प्रोसेसिंग ते तिलाही सांगता येत नाही.

मी नको म्हणत नाही. पण पोरी सोनं गहाण ठेवून करून राहिल्या आहेत, त्यांना आधी खरं माहीत असायला पाहिजे. अभ्यासाचं सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही.

---

ब्रदर_लातूर

सिस्टर अगदी बरोबर. म्हणूनच मी ऑस्ट्रेलिया धरलं. तिकडं २०२० पासून भारतात शिकलेल्या नर्सला हीच एनक्लेक्स-आरएन आहे, आन ती पास झाली की ऑस्ट्रेलियात जाऊन ओएससीई द्यायची. खर्च कमी नाही, तिकीट राहणं सगळं आपलं. पण वाट बघण्याचं मोजमाप वर्षांत आहे, दशकात नाही. कॅनडातबी २०१५ पासून एनक्लेक्सच आहे. म्हंजी परीक्षा एकच, दारं तीन. अमेरिकेचं एक दार बंद दिसलं म्हणून अभ्यास सोडायची गरज नाही, पण फॉर्म भरायच्या आधी दार कोणतं ते ठरवा, कारण कागद त्या त्या देशाचे वेगळे लागतात.

---

रातपाळी

जुनी सिस्टर, वाईट अजिबात नाही वाटलं. अमेरिकेच्या रांगेचं माहीत आहे, आम्ही दोघांनी बसून बुलेटिन वाचलं होतं. आमचं पण ऑस्ट्रेलियाच ठरलंय. मुलगी पाच वर्षांची आहे.

अबोली, तुमचं बसचं वाचून पोटात कालवलं. माझं नाव लग्नानंतर बदललंच नाही, आईने तेव्हा हट्ट धरला होता की रजिस्ट्रेशनचा घोळ नको. आज तिला फोन करून सांगितलं.

कृष्णाकाठ ताई, तुम्ही म्हणालात तशी वही केली. गेल्या नऊ दिवसांत ड्युटी करून ४१० प्रश्न सोडवले, १६७ चुकले. माहीत नव्हतं ५२. नीट वाचलं नाही २४. वॉर्डाची सवय ९१. खरंच आकडा बघून बसून राहिले. त्यातही सगळ्यात जास्त डेलिगेशन (कोणतं काम कोणावर सोपवायचं) आणि "आधी कोणाकडे जाल". मला वाटायचं ट्रायाज, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते, माझ्या रक्तात आहे.

आणि एसएटीए, जिथे लागू ते सगळे निवडा, तिथे मी सगळंच टिक करते.

---

कृष्णाकाठ

टिक करण्याचं आधी, कारण ते आजच सुटेल. एप्रिल २०२३ पासून या प्रश्नांना अर्धवट मार्क मिळतात. पूर्वी एक चुकला की शून्य होता, आता बरोबरला अधिक एक, चुकलेल्याला उणे एक, शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे पाचात तीन बरोबर आहेत आणि तुम्ही पाचही टिक केले तर तीन उणे दोन, एकच मार्क. तुम्हाला ज्या दोनची पक्की खात्री आहे तेवढेच टिक केले असते तर दोन मिळाले असते. प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरा-खोटा म्हणून वाचा आणि खात्री नसेल तर सोडा. पण जिथे "तीन निवडा" असा आकडा दिलेला असतो तिथे उणे नाही, तिथे तीनही भरा.

आता आधी कोणाकडे. हा प्रश्न बघा. चार पेशंट. एक, ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखणं दहापैकी सात. दोन, सीओपीडी (फुप्फुसाचा जुना आजार), ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्के. तीन, हाताला प्लास्टर, औषध देऊनही दुखणं थांबत नाही आणि बोटं बधिर वाटतात. चार, डायबेटिसचा, शुगर २१०.

आयसीयूतली सिस्टर ९० आकडा बघून दोनकडे धावते. पण सीओपीडीला ८८ ते ९२ हेच अपेक्षित आहे, तो त्याचा रोजचा आकडा. ऑपरेशननंतर दुखणारच, शुगर वाढलेली आहे पण आत्ता जीव जात नाही. प्लास्टरवाल्याचं औषधाने न थांबणारं दुखणं आणि बधिरपणा हे कुठेच अपेक्षित नाही, कंपार्टमेंट सिंड्रोम, आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत हात जाऊ शकतो. उत्तर तीन. मी प्रत्येक पर्यायापुढे स्वतःला एकच विचारायचे, "या आजारात हे असायचंच का?" असायचं असेल तर तो थांबू शकतो. एबीसी (आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण) सगळ्यांना पाठ असतं, पण एबीसी सुद्धा आत्ता बिघडणाऱ्याला लावायचं, जुन्या आकड्याला नाही.

डेलिगेशनमध्ये आपला घोळ होतो कारण आपल्याकडे मामा आणि मावशी अनुभवाने इतकं करतात की आपण त्यांच्यावर डोळे झाकून टाकतो. आणि आमच्या मावशींनी मला नवीन असताना जे शिकवलं ते कोणत्या मॅडमनी शिकवलं नाही, त्यांच्याबद्दल मी कधी कमी बोलणार नाही. पण परीक्षेतला यूएपी म्हणजे असिस्टंट, त्याला फक्त ठरलेलं, स्थिर पेशंटचं, डोकं न चालवता करता येणारं काम: अंघोळ, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप), लघवी मोजणं, नेहमीचं चालवणं. एलपीएन म्हणजे आपल्या एएनएमसारखी समजा पण तंतोतंत नाही, तिला स्थिर पेशंट, तोंडी औषधं, ड्रेसिंग. आणि आरएनने कधीच सोडायचं नाही ते तीन: पहिलं असेसमेंट, शिकवणं, आणि केलेल्याचा परिणाम झाला का हे ठरवणं. "पहिल्यांदा" हा शब्द प्रश्नात दिसला की तिथे थांबा. पहिल्यांदा उठवणं, पहिला घास, नुकतंच आलेलं. तो शब्द तिथे उगाच नसतो. मॅनेजमेंट ऑफ केअर हा परीक्षेच्या २०२३ च्या प्लॅनमध्ये सगळ्यात मोठा भाग आहे, १५ ते २१ टक्के, तो वर आला की तुमचं नियरचं पारडं पलीकडे जाईल असं मला मनापासून वाटतं.

आणि अनुभवाचं राहिलंच. केस स्टडी येतात ना, तीन केस, प्रत्येकी सहा प्रश्न, एकाच पेशंटच्या नोट्स, लॅब, व्हायटल्स पुढे सरकत जातात. तिथे आधी विचारतात यातलं काय खटकतंय. तिथे तुमची साडेपाच वर्षं वापरा. आठवा, पेशंटचं सॅच्युरेशन पडायच्या आधी तो उगाच चादर ओढायला लागतो, कॅन्युला उपसतो, उठून बसतो, आणि तुम्ही लांबूनच म्हणता, याचं काहीतरी बिनसतंय. अस्वस्थपणा हे ऑक्सिजन कमी पडल्याचं पहिलं लक्षण, पुस्तकात एक ओळ आहे, तुम्ही ते रात्री तीनला शंभरदा बघितलंय. ती दोन वर्षांवाली मुलगी ते वाचून ओळखते, तुम्ही बघून. काय दिसतंय हे ठरवताना वॉर्ड आठवा, त्यावर काय करायचं हे ठरवताना पुस्तक. मला हे उशिरा कळलं, म्हणून इतकं लिहिलं.

---

अबोली (म्हापसा)

ताई हे वाचून मीच परत द्यावीशी वाटते (पास झालेय, दुसऱ्या एटीटीवर). फक्त परीक्षेच्या दिवसाचं थोडं. तळहात स्कॅन करतात, फोटो, सही. घड्याळ, फोन, सगळं बाहेर. लिहायला पुसता येणारी पाटी देतात. आत एसी फार थंड होता मला, साधा स्वेटर घाला. दोन तासांनी ब्रेक विचारतात, पुढे साडेतीन तासांनी, पण घड्याळ चालूच राहतं. तरी पहिला ब्रेक घ्याच, मी दोन घोट पाणी पिऊन तोंड धुऊन आले आणि पुढचे पंधरा प्रश्न वेगळ्याच डोक्याने वाचले. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, त्यामुळे गेलेल्या प्रश्नाचा विचार करत बसू नका. ८५ मध्ये १५ प्रश्न तर मोजतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी तपासत असतात, कोणते ते कळत नाही. अगदीच विचित्र आला तर तो त्यातला समजून पुढे जा.

आणि नाइट करून दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाऊ नका. मागे एका मैत्रिणीने सुट्टी मिळाली नाही म्हणून केलं. चार दिवस आधी नाइट बंद करा, झोपेची वेळ फिरवायला तेवढे लागतात.

---

रातपाळी

इन्चार्ज सिस्टरना आज सांगितलं. घाबरत गेले होते, दुसऱ्यांदा देतेय हे कोणाला कळू नये असं वाटत होतं. त्यांनी रोस्टर काढलं आणि परीक्षेच्या आधीचा पूर्ण आठवडा मला मॉर्निंग टाकली. म्हणाल्या पास झालीस की मला पेढे नकोत, जाण्याआधी दोन नवीन मुलींना चेस्ट ट्यूब शिकवून जा.

तारीख घेतली, पुढच्या महिन्यात १८ ला, सकाळचा स्लॉट. आदल्या दिवशीच मुंबईत मावशीकडे जाऊन राहणार.

---

कृष्णाकाठ

छान. १८ पर्यंत रोज एक प्रश्न इथे टाकते, उत्तर कारणासकट लिहायचं. आजचा:

यूएपीला कोणतं काम द्याल? एक, बायपासनंतरच्या पेशंटला पहिल्यांदा बेडवरून उठवून चालवणं. दोन, स्ट्रोकच्या पेशंटला आज तोंडाने खायला सुरू करायचंय, त्याला भरवणं. तीन, रक्त आत्ताच लावलंय, पहिल्या पंधरा मिनिटांत पेशंटजवळ थांबणं. चार, कॅथेटरच्या पिशवीतली लघवी मोजून चार्टला लिहिणं.

---

रातपाळी

चार.

एक नाही कारण "पहिल्यांदा", प्रेशर पडू शकतं, चक्कर येते, आधी मी बघायला हवं. आमच्याकडे मामाच उठवतात आणि मी मॉनिटरवरून बघते, म्हणून गेल्या वेळी हेच निवडलं असतं. दोन नाही, पहिला घास, गिळता येतं का ते तपासलेलं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल. तीन नाही, रिॲक्शन यायची असेल तर सुरुवातीलाच येते, पहिली पंधरा मिनिटं आरएनने स्वतः थांबायचं, नंतरची व्हायटल्स देता येतील. चार ठरलेलं काम आहे, मोजायचं आणि लिहायचं, पण लघवी तासाला ३० मिलीच्या खाली आली तर मला सांगायचं हे आधी सांगून ठेवायचं, कारण त्याचा अर्थ लावायचं काम माझं.

---

कृष्णाकाठ

बरोबर, शेवटचं वाक्य तर मी विचारलंही नव्हतं. उद्याचा इन्फेक्शन कंट्रोलचा, ब्रदर तुम्ही टाका.

---

ब्रदर_लातूर

टाकतो ताई. सकाळी सहाला, ड्युटीला जायच्या आधी.